सीएनसीसाठी छोटा बोर्ड घ्यायचाय? आधी पल्स मोजा, रास्पबेरी पायचं नंतर बघू

"सीएनसीला रास्पबेरी पाय चालतंय का?" हा प्रश्न कुपवाड एमआयडीसीपासून पलूस, विटा, कराडपर्यंत हल्ली सारखा ऐकायला मिळतो. कारण सरळ आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी लावलेले विंडोज एक्सपीवाले डबे आता एकेक करून बसायला लागलेत. त्यावर मॅक३ हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर चालायचं ते पॅरलल पोर्टमधून, ६४ बिट विंडोजवर मॅक३चा तो ड्रायव्हर चालत नाही आणि नव्या मदरबोर्डला मुळात तो पोर्टच नसतो, मग माणूस मोबाईल काढतो, तळहाताएवढा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर बोर्ड बघतो, चार कोर, चार जीबी रॅम, आणि वाटतं झालं काम. थांबा जरा. कोर आणि रॅमवरून सीएनसीचा बोर्ड निवडला तर पैसे हमखास चुकीच्या जागी जातात, कारण मशीनला वेग लागतो तो पल्सचा, म्हणजे मोटरला एकेक पाऊल टाकायला सांगणाऱ्या विजेच्या ठोक्यांचा, आणि पल्स कोण बनवणार हे आधी ठरवायचं असतं.

हा लेख छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी आहे. जुना लेथ किंवा मिलिंग रेट्रोफिट करायचंय, वुड राउटर बनवायचाय, प्लाझ्मा टेबल लावायचंय, असं डोक्यात असेल तर वाचा. व्हीएमसीला फानुक किंवा सिमेन्सचा कंट्रोलर आहे आणि तो व्यवस्थित चालतोय तर त्याला हात लावू नका, उगाच हौस म्हणून तर अजिबात नको.

पहिली पायरी: मशीनपाशी कागद घेऊन उभं राहा

बोर्डचं नाव पण काढायचं नाही अजून. कागदावर हे लिहा: अक्ष किती, प्रत्येक अक्षाला स्टेपर आहे का सर्व्हो, ड्राइव्हवर मायक्रोस्टेपचे (मोटरचं एक पाऊल किती तुकड्यात मोडायचं त्याचे) डिप स्विच कशावर आहेत, मोटर एक फेरा फिरली की अक्ष किती मिमी सरकतो, आणि रॅपिडला (कापत नसताना पळताना) तुम्हाला किती वेग पाहिजे. त्याखाली ड्राइव्हच्या पल्स-डायरेक्शनला ५ व्होल्ट चालतं का २४ हे लिहा. मग इनपुट मोजा, म्हणजे लिमिटचे प्रॉक्सी, होम, इमर्जन्सी, दरवाजा, टूल सेटर, हवेचा प्रेशर स्विच. मग आउटपुट, म्हणजे कूलंट, स्पिंडल उलटा-सुलटा, चक, ल्युब पंप. हे मोजताना लोक निम्मंच लिहितात आणि पॅनेल वायरिंग करताना पिना कमी पडतात, म्हणून आलेल्या आकड्यात चार-पाच वाढवूनच धरा.

शेवटचा प्रश्न, आणि हा सगळ्यात महागडा: मशीनवर थ्रेडिंग किंवा रिजिड टॅपिंग करायचंय का? असेल तर स्पिंडलला एन्कोडर, म्हणजे किती फिरलं ते सांगणारा सेन्सर, लागणार आणि तो मोजणारं हार्डवेअर पण लागणार.

दुसरी पायरी: पल्सचं गणित, हे सोडू नका

सूत्र एकच आहे. मोटरच्या एका फेऱ्याला जेवढे पल्स, भागिले एका फेऱ्यात सरकणारे मिमी, म्हणजे प्रति मिमी पल्स आले. त्याला मिमी प्रति सेकंदातल्या वेगाने गुणा, की सेकंदाला किती पल्स पाहिजेत ते येतं.

मिलिंग मशीन घ्या. २०० स्टेपची मोटर, मायक्रोस्टेप ८, म्हणजे फेऱ्याला १६०० पल्स, बॉल स्क्रू ५ मिमीचा. प्रति मिमी ३२० पल्स झाले. रॅपिड मिनिटाला ६००० मिमी पाहिजे म्हणजे सेकंदाला १०० मिमी, म्हणजे ३२,००० पल्स. आता कुणीतरी सांगितलं की मायक्रोस्टेप १६ केलं की मशीन मऊ चालतं, की तोच आकडा ६४,००० वर गेला. मशीन तेच आणि वेगही तोच, पण बोर्डवरचा बोजा डबल.

वुड राउटर घ्या, देवघरं आणि जाळीचे दरवाजे कापणारा. दीड मोड्यूलचा २० दातांचा पिनियन, ५ ला १ गिअरबॉक्स. पिनियनचा घेर साधारण ९४.२ मिमी, भागिले ५, म्हणजे मोटरच्या फेऱ्याला १८.८५ मिमी. १६०० पल्सवर प्रति मिमी ८५ पल्स. मिनिटाला १५ मीटर पळवला तरी सेकंदाला २१ हजारच्या आसपास. बघा, मशीन आठ फुटी आहे, जोरात पळतंय, पण पल्स मिलिंगपेक्षा कमी. मशीनच्या आकारावरून बोर्ड ठरत नाही तो असा.

आता सर्व्होवाला लेथ. ड्राइव्ह फेऱ्याला १०,००० पल्सवर सेट आहे, स्क्रू ५ मिमी, प्रति मिमी २००० पल्स, रॅपिड मिनिटाला १० मीटर. सेकंदाला ३,३३,००० पल्स! इथं हातात दोनच रस्ते. एक तर तेवढे पल्स देणारं हार्डवेअर घ्या, नाहीतर ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून फेऱ्याला २००० पल्सवर आणा, म्हणजे आकडा ६७ हजारावर येतो, पण मग एक पल्स म्हणजे अडीच मायक्रॉन, आणि लेथच्या एक्स अक्षावर तो डायामीटरला पाच मायक्रॉन पडतो. बेअरिंगची फिट काढणाऱ्याला हे चालणार नाही, पाइपचे निपल काढणाऱ्याला काही फरक पडत नाही.

एन्कोडरचं पण असंच. १०२४ लाइनचा एन्कोडर क्वाड्रेचरमध्ये फेऱ्याला ४०९६ काउंट देतो, स्पिंडल २००० आरपीएमला असेल तर सेकंदाला १ लाख ३६ हजार काउंट. हे कुठल्याही लिनक्स बोर्डच्या साध्या पिनवर सॉफ्टवेअरने मोजून होत नाही, त्याला वेगळं काउंटर हार्डवेअर पाहिजेच.

तिसरी पायरी: पल्स कोण बनवणार

इथं खरी गोम आहे. रास्पबेरी पायवर लिनक्स चालतं, आणि लिनक्स एकाच वेळी स्क्रीन, यूएसबी, वायफाय, मेमरी कार्ड सगळं सांभाळत असतं, पल्सची वेळ झाली तेव्हा ते दुसऱ्याच कामात असू शकतं. हलगीवाला कितीही जोरात वाजवू दे, ठोका जागेवर पडला नाही तर नाचणाऱ्याचा पाय चुकतोच, तसंच स्टेपरचं आहे. मोटर जोरात फिरताना पल्सच्या मध्ये मोठी फट पडली तर टॉर्क सुटतो, स्टेप जातात, आणि ओपन लूप असल्यामुळे कंट्रोलरला कळतच नाही, स्क्रीनवर आकडा बरोबर आणि जॉब दोन मिमी बाजूला. त्यामुळे चार कोरचा बोर्ड सोळा मेगाहर्ट्झच्या अर्डुइनोपुढं हरतो, असं पण घडतं.

यावर लोकांनी काढलेले रस्ते असे.

पहिला रस्ता, पल्सचं सगळं काम एका मायक्रोकंट्रोलरवर टाकायचं आणि पाय किंवा लॅपटॉप फक्त जी-कोड (जॉबच्या सूचना) पाठवायला ठेवायचा. ग्रबल हे त्यातलं जुनं नाव, २००९ साली सुरू झालेलं, अर्डुइनो उनोवर चालतं, ज्यात रॅम फक्त २ केबी आहे. कमाल पल्स सेकंदाला ३० हजार, तीन अक्ष, आणि कॅन्ड सायकल, टूल टेबल, कटर कॉम्पेन्सेशन, मॅक्रो व्हेरिएबल यातलं काहीच नाही. वरचा राउटर यात बसतो, मिलिंग जेमतेम बाहेर राहतं. त्याचेच पुढचे भाऊ म्हणजे ईएसपी३२ वरचं फ्लुइडएनसी आणि टीन्सी ४.१ सारख्या बोर्डवर चालणारं ग्रबलहॅल. टीन्सी ६०० मेगाहर्ट्झचा आहे, लाखभर पल्स आरामात देतो, अक्ष पण जास्त घेतो.

दुसरा रस्ता, लिनक्ससीएनसी (मशीन चालवायचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) बोर्डवरच चालवायचं आणि पल्स पण सॉफ्टवेअरनेच बोर्डच्या पिनवर काढायचे. शिकायला ठीक. बेस थ्रेड, म्हणजे सॉफ्टवेअरची पल्ससाठीची फेरी, २५ मायक्रोसेकंदाचा धरला आणि पल्स चालू करायला एक फेरी, बंद करायला दुसरी, तर सेकंदाला २० हजारच मिळतात, आणि ते पण बोर्डची लेटन्सी, म्हणजे कामाला होणारा उशीर, कमी असली तर. छोट्या एआरएम बोर्डवर हा रस्ता धंद्याच्या मशीनसाठी मी तरी सुचवत नाही.

तिसरा रस्ता, लिनक्ससीएनसी बोर्डवर आणि पल्स बनवायला वेगळं एफपीजीए कार्ड, म्हणजे असली मोजणी हार्डवेअरमध्येच करणारी चिप असलेलं. बोर्ड दर एक मिलिसेकंदाला कार्डला सांगतो की आता या वेगानं पल्स सोड, मधले पल्स कार्ड स्वतः मोजून सोडतं. बोर्ड शंभर मायक्रोसेकंद उशिरा आला तरी मोटरला पत्ता लागत नाही. अमेरिकेच्या मेसा कंपनीची कार्डं यात सगळ्यात जास्त चालतात. ७आय९६एस मध्ये ५ अक्ष, ११ इनपुट, ६ आउटपुट, आणि ७आय७६ई मध्ये ५ अक्ष, ३२ इनपुट, १६ आउटपुट, दोन्ही इथरनेटवर. पायसाठी एसपीआयवर (इथरनेटऐवजी पायच्या पिनांवरून) चालणारी ७सी८० आणि ७सी८१ वेगळी. वरचा ३ लाख ३३ हजारचा सर्व्हो यांना किरकोळ आहे आणि एन्कोडर पण हीच कार्डं मोजतात. किंमत मात्र बोर्डपेक्षा जास्त पडते, वर कस्टम आणि कुरिअर, मागवलेलं कार्ड यायला वेळ लागतो हे पण धरा. स्वस्तातला भाऊबंद म्हणजे रेमोरा, थ्रीडी प्रिंटरचा एसकेआर सारखा बोर्ड घेऊन त्यालाच लिनक्ससीएनसीचा पल्स बनवणारा करायचा. चालतं, पण स्वतः खुटखुट करायची तयारी पाहिजे, आणि ते बोर्ड प्रिंटरसाठी बनवलेत, २४ व्होल्टचे ऑप्टो इनपुट वेगळे लावावे लागतात.

माझं मत विचाराल तर राउटर आणि खोदकामाला पहिला रस्ता, लेथ, प्लाझ्मा आणि सर्व्होला तिसरा. दुसरा कॉलेजच्या प्रोजेक्टला ठेवा.

चौथी पायरी: आता बोर्ड

रास्पबेरी पाय ३ घरात पडलाय म्हणून वापरू नका. त्याचं इथरनेट आतून यूएसबीवर लटकलेलं आहे, मेसाचं इथरनेट कार्ड दर मिलिसेकंदाला उत्तर मागतं तिथं ते अडखळतं. पाय ४, जो २०१९ मध्ये आला, त्याला खरं गिगाबिट इथरनेट आहे, लिनक्ससीएनसी २.९ ची तयार इमेज पाय ४ आणि ५ साठी मिळते, रिअल-टाइम कर्नल (वेळेवर काम करणारा लिनक्सचा गाभा) आतच असतो, मेमरी कार्डवर टाकली की चालू. रॅम ४ जीबी पुरते, २ जीबीवर पण स्क्रीन चालते, ८ जीबीला जास्तीचे पैसे देऊन मशीनला काडीचा फायदा नाही.

पाय ५ हा २०२३ चा, वेगात बराच पुढे, टूलपाथचं थ्रीडी चित्र फिरवताना फरक जाणवतो. याच्या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात, म्हणून पाय ४ साठी लिहिलेले जुने जीपीआयओ (पिनांचे) ड्रायव्हर यावर जसेच्या तसे चालत नाहीत, यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ बघून करायला जाल आणि डोकं धरून बसाल. मेसाच्या एसपीआय कार्डला पाय ५ साठीचा नवा ड्रायव्हर २.९ मध्ये आहे. याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय लागतो, त्यावर पुढं बोलतो. नवीन घेत असाल आणि दोन्हीच्या किमतीत फार फरक नसेल तर ५ घ्या, पाय ४ चांगल्या अवस्थेत पडून असेल तर नवीन घ्यायची गरज नाही.

बीगलबोन ब्लॅक एकेकाळी या कामाचा राजा होता. त्याच्या प्रोसेसरमध्ये २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर वेगळे बसवलेत, पीआरयू म्हणतात त्यांना, एक सूचना ५ नॅनोसेकंदात, लिनक्स झोपलं तरी पल्स सुटत राहतात. म्हणजे एफपीजीए कार्ड न घेता तेच काम. कल्पना झकासच. पण मुख्य कोर एकच, रॅम ५१२ एमबी, आजच्या स्क्रीनला तोकडी, आणि त्यासाठीचं मशीनकिट सॉफ्टवेअर सांभाळणारे आता फार उरले नाहीत. कुणी फुकट दिला तर ठेवा, नवीन मशीन त्यावर उभं करू नका.

ऑरेंज पाय, बनाना पाय वगैरे. कागदावर स्पेसिफिकेशन बघून माणूस हुरळतो, पण कंपनीने दिलेला कर्नल बहुतेक वेळा जुना असतो, त्यावर रिअल-टाइमचं काम स्वतः करावं लागतं, आर्मबियनवर (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) मदत मिळते पण प्रत्येक बोर्डला सारखी नाही. पाच वर्षांनी बोर्ड जळाला तर तसाच मिळेल याची खात्री नाही. पैसे वाचतात ते एका संध्याकाळच्या डोकेदुखीत संपतात.

आणि आता जरा विषय सोडून, पण सांगितलंच पाहिजे. जुना ऑफिसचा छोटा पीसी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोव्होचा टायनी, रिफर्बिश्ड घेतला तर बऱ्याचदा पायला केस, सप्लाय, पंखा, एसएसडी लावून होणाऱ्या खर्चाच्या आसपासच पडतो. मेमरी कार्ड खराब व्हायची कटकट नाही, एसएसडी आत असते, इंटेलचं नेटवर्क असेल तर मेसाशी चांगलं जमतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले ढिगाने मिळतात, फक्त नेटवर्क चिप कुठली आहे ते दुकानातच बघून घ्या, रियलटेक असेल तर ड्रायव्हर बदलायचा उपद्व्याप करावा लागू शकतो. बोर्डच पाहिजे पण इंटेलवाला, तर एन१०० प्रोसेसरवाले छोटे बोर्ड आता आलेत, ते पण याच वर्गातले. पॅनेलमध्ये जागा कमी आहे, २४ तास चालवायचंय, वीज कमी खायला पाहिजे, तेव्हा पाय. जागा आहे तर मिनी पीसी. यात कमीपणा काही नाही.

पाचवी पायरी: ३.३ व्होल्टचा घोळ

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सहन होत नाही. प्रॉक्सी सेन्सर २४ व्होल्टचा, त्याची वायर चुकून पिनवर गेली तर बोर्ड गेला म्हणूनच समजा. उलट बाजूला, टीबी६६०० सारख्या ड्राइव्हच्या ऑप्टो इनपुटला ३.३ व्होल्ट कधी पुरतो कधी पुरत नाही, टेबलावर मोटर फिरते आणि पॅनेलमध्ये गेल्यावर मधूनच स्टेप खाते. मध्ये ७४एचसीटी२४५ सारखा बफर लावा, एचसीटीच पाहिजे, साधा एचसी नको, कारण एचसीटी ५ व्होल्टवर चालताना ३.३ ला पण हाय समजतो. इनपुटच्या बाजूला ऑप्टोकपलर पाहिजेतच.

पिना बूट होताना काय करतात हे पण लक्षात ठेवा. पायवर ० ते ८ नंबरच्या पिना सुरुवातीला वर ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली, सॉफ्टवेअर चालू होईपर्यंत तसंच राहतं. म्हणून स्पिंडलचा किंवा प्लाझ्मा टॉर्चचा रिले थेट पिनवरून कधीच चालवायचा नाही, इमर्जन्सीच्या कॉन्टॅक्टरच्या मागे ठेवायचा. मेसा कार्डमध्ये वॉचडॉग असतो, बोर्डशी बोलणं तुटलं की आउटपुट आपोआप पडतात. साध्या ब्रेकआउट बोर्डमध्ये (वायरी जोडायचा बोर्ड) चार्ज पंपवाला घ्या, तो पण थोडंफार हेच करतो.

आणि इमर्जन्सी स्टॉप कुठल्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून ठेवू नका भावांनो, नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट, त्यावर कॉन्टॅक्टरची कॉइल, कॉन्टॅक्टरने ड्राइव्हची पॉवर आणि स्पिंडल तोडायचा. बोर्डला त्याची फक्त खबर द्यायची. लिमिटचे स्विच पण नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं.

सहावी पायरी: सप्लाय, अर्थिंग, ऊन, धूळ

बंद पडलेल्या पायांपैकी निम्म्यांचं दुखणं सप्लायचं असतं असा माझा अंदाज आहे. मोबाईलचा चार्जर नको. पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस असतोच, त्यावरून चांगला ५ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा. व्होल्टेज बोर्डवर मोजा, कन्व्हर्टरपाशी नाही, बारीक वायरमध्ये पाव-अर्धा व्होल्ट सहज पडतो आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची सूचना देतो, तरी मशीन चालतंय म्हणून लोक तिकडं कानाडोळा करतात. पाय ५ ला असा बाहेरून पिनेतून सप्लाय दिला तर तो यूएसबीचा करंट ६०० मिलिअँपिअरवर अडवतो, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून ते उघडावं लागतं, नाहीतर एसएसडी मधूनच गायब.

वीज जाणं हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम खराब व्हायची शक्यता असते. उपाय तीन, जमतील तेवढे करा. मेमरी कार्डऐवजी यूएसबी एसएसडी, पाय ५ असेल तर एनव्हीएमई. सिस्टिम ओव्हरले मोडमध्ये, म्हणजे फक्त वाचायची, आणि जी-कोडचं फोल्डर वेगळं. आणि कंट्रोलच्या २४ व्होल्टला छोटा यूपीएस, स्पिंडलला नको, फक्त बोर्ड आणि कार्डला, म्हणजे वीज गेल्यावर नीट बंद करता येतं.

व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आला की नॉइज आला. स्पिंडलची मोटर केबल शिल्डवाली, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ. सिग्नलच्या केबलचं शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला. दोन्ही केबल एकाच डक्टमध्ये घालायच्या नाहीत, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. सगळ्या अर्थ वायरी एका तांब्याच्या पट्टीवर. ग्रबलवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास यूएसबीचा होतो, प्लाझ्मा पेटला की यूएसबी तुटते आणि जॉब अर्ध्यात, म्हणून प्लाझ्माला यूएसबीवरचा कंट्रोलर घेऊच नका, इथरनेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन असतं, ते टिकतं. तसंही टॉर्चची उंची आर्कच्या व्होल्टेजवर सांभाळायची तर लिनक्ससीएनसीतलं क्यूटीप्लाझ्मासी सोडून स्वस्तात तेवढं चांगलं काही नाही, हंगामाआधी ऊस ट्रॉलीची कामं घेणाऱ्यांनी तेच बघावं.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बंद पॅनेलच्या आत किती तापतं हे सांगायला नको. पाय ८० अंशाच्या वर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून पंखा लावून पॅनेलला भोकं पाडायची, हा उपाय लाकडाच्या वर्कशॉपमध्ये फिल्टर लावून चालेल, पण बीडाचं मशीनिंग होतं तिथं नको, बीडाची काळी धूळ वीज वाहून नेते, बोर्डवर बसली की शॉर्ट. तिथं पॅनेल बंदच ठेवा आणि बोर्ड जाड ॲल्युमिनियमच्या केसमध्ये घालून केस पॅनेलच्या पत्र्याला चिकटवा, पत्रा उष्णता बाहेर टाकतो. आणि सांगलीत नदीच्या बाजूला शेड असेल तर पॅनेल भिंतीवर उंच घ्या, २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना का ते सांगायची गरज नाही.

सातवी पायरी: मोटर जोडायच्या आधी लेटन्सी बघा

साध्या लिनक्सवर सीएनसी चालवायचं नाही, रिअल-टाइम कर्नल पाहिजे. पूर्वी तो वेगळा पॅच म्हणून लावावा लागायचा, २०२४ मध्ये ६.१२ कर्नलपासून प्रीएम्प्ट-आरटी मूळ लिनक्समध्येच आलं, त्यामुळे पुढं हे सोपं होत जाईल. लिनक्ससीएनसीसोबत लेटन्सी-हिस्टोग्राम नावाचा प्रोग्राम येतो. तो चालू करा आणि मग बोर्डला मुद्दाम त्रास द्या, ब्राउझरमध्ये व्हिडिओ, पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी, खिडक्या इकडून तिकडं ओढा. पाच मिनिटात बंद करू नका, निदान दुपारभर चालू द्या. आपल्याला बघायचाय तो सगळ्यात वाईट आकडा, सरासरी नाही.

सॉफ्टवेअरने पल्स काढणार असाल तर १५-२० मायक्रोसेकंदाच्या आत झकास, ३०-५० ला काम चालतं पण वेग कमी ठेवावा लागतो, १०० च्या वर सोडून द्या. एफपीजीए कार्ड असेल तर शंभरापर्यंत आकडा दिसला तरी घाबरू नका, कार्डशी बोलायची फेरी एक मिलिसेकंदाची आहे. पण आकडा खुद्द मिलिसेकंदाला भिडत असेल तर तो बोर्ड लिनक्ससीएनसीच्या कामाचाच नाही. मिनी पीसीवर आकडा खराब आला तर आधी बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग, स्पीडस्टेप आणि सी-स्टेट बंद करा, मग एक कोर फक्त रिअल-टाइमला राखून ठेवा, बऱ्याचदा एवढ्यावर सुधारतं.

इथरनेट कार्ड असेल तर बोर्ड ते कार्ड सरळ केबल, मध्ये नेटवर्कचा स्विच किंवा राउटर नाही. मेसा कार्डचा जंपर १०.१०.१०.१० वर ठेवा आणि बोर्डला १०.१०.१०.१ द्या, १९२.१६८ वाला पत्ता ठेवला तर ऑफिसच्या वायफायशी भांडण होऊ शकतं. पायला इथरनेट एकच, ते कार्डला गेलं, मग जी-कोड वायफायने नाहीतर पेन ड्राइव्हने.

आठवी पायरी: पहिल्यांदा चालवताना

मोटर मशीनला न जोडता टेबलावर फिरवा. दिशा बघा, लिमिट हाताने दाबून स्क्रीनवर बदलतंय का बघा, इमर्जन्सी दाबल्यावर कॉन्टॅक्टर खरंच पडतो का ते कानाने ऐका. मग मशीनला जोडा, वेग आणि ॲक्सिलरेशन गणिताच्या पाव भागावर. डायल इंडिकेटर लावून १०० मिमी पुढं, १०० मिमी मागं, काटा शून्यावर यायला पाहिजे. आला की वेग वाढवा, पुन्हा तेच. ज्या वेगाला काटा पहिल्यांदा हलतो त्याच्या सत्तर टक्क्यांवर मशीन ठेवा आणि पुढं हाव करू नका. स्पिंडल चालू ठेवून हीच टेस्ट परत करा, कारण नॉइजचे प्रॉब्लेम स्पिंडल बंद असताना दिसतच नाहीत. स्क्रीनवर "अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले" असा मेसेज आला तर ओके दाबून पुढं जायचं नाही, तो एकदाच दाखवतो आणि नंतर गप्प बसतो, परत सातव्या पायरीवर या.

सगळं जमलं की त्याच दिवशी मेमरी कार्डची किंवा एसएसडीची पूर्ण कॉपी काढा. कॉन्फिगचं फोल्डर पेन ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्ह पॅनेलच्या दारात आणि दुसरा घरी. ड्राइव्हचे डिप स्विच, पॅरामीटर आणि कुठल्या पिनवर कुठली वायर हे कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवा, मोबाईलमधला फोटो पुरत नाही, ऐन हंगामात मशीन बंद पडेल तेव्हा तुम्ही गावाला असाल आणि वायरमन दुसराच आलेला असेल.